रक्तातला एचआयव्ही कुणाच्या पायलीने मोजायचा?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता गावी गेले होते. आमचं गाव मुठा, मुळशी तालुक्यात. पिरंगुटहून उरवड्याकडे वळायचं, घाट चढायचा आणि पलीकडे खोऱ्यात उतरायचं. नदीचं नाव मुठा, खोऱ्याचं नाव मुठा, गावाचंही तेच. भातं पोटरीत आली होती आणि मी दोन दिवस पेपर-बिपर काही वाचायचं नाही असं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओळखीतले एक गृहस्थ आले. त्यांना आपण नाना म्हणू. (ओळख पटेल असा सगळा तपशील बदललाय, आणि हे लिहायच्या आधी त्यांना विचारलंय.) नाना बरीच वर्षं एआरटीवर आहेत, म्हणजे एचआयव्हीची औषधं रोज घेतात. गोळी चुकवत नाहीत. त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले. पहिला सरकारी केंद्रातून झालेल्या तपासणीचा. त्यावर लिहिलं होतं, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. दुसरा चार महिन्यांनंतरचा, एका खासगी लॅबचा. त्यावर आकडा होता: ६८ कॉपीज प्रति मिलिलिटर.

"आधी नव्हता, आता अडुसष्ट झाला. म्हंजे परत आला ना?" नाना म्हणाले. पंधरा दिवस झोप नव्हती. घरात कुणाला बोलले नव्हते. मग हळूच म्हणाले, "अगं, तू ह्याच्यातच शिकतीस ना? मग सांग, यातलं खरं कुठलं?"

माझी पीएचडी नेमकी याच विषयात आहे: रक्तातला एचआयव्ही मोजणाऱ्या वेगवेगळ्या चाचण्या एकमेकींशी किती जुळतात. तरी मला एका वाक्यात उत्तर देता येईना. दोन्ही कागद खरे होते. हे कसं, ते सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागतो. नानांना त्या दिवशी थोडक्यात सांगितला, इथे जरा सविस्तर सांगते.

आधी पायली

आमच्या घरात अजून एक जुनी पायली आहे. शेजारी अधोली आणि एक चेपलेलं मापटं. आजोबा सांगायचे की पूर्वी या गावची पायली आणि त्या गावची पायली सारखी नसायची. दुकानदाराची घ्यायची पायली वेगळी आणि द्यायची वेगळी, असंही लोक म्हणायचे. १९५६ मध्ये देशभर मेट्रिक मापांचा कायदा झाला, हळूहळू किलो आला आणि हा घोळ मिटला.

आता समजा खळ्यावर भाताची एक रास आहे. तुमच्या पायलीने मोजली तर वीस पायल्या भरते, माझ्या पायलीने बावीस. रास वाढली का? नाही. पण काल तुमच्या पायलीने मोजली आणि आज माझ्या, आणि मधे हे कुणी सांगितलंच नाही, तर वाटणारच की दोन पायल्या भात वाढला.

व्हायरल लोडचा आकडा असाच असतो. त्यात विषाणू असतो आणि विषाणू मोजणारं मापही असतं. या मापांच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. यातली बहुतेक मापं पहिल्यांदा तयार झाली ती दुसऱ्याच कुणाच्या राशीकडे बघून.

जेव्हा फक्त 'हो' किंवा 'नाही' कळायचं

१९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू सापडला. १९८५ मध्ये रक्ताची पहिली चाचणी बाजारात आली, एलायझा. ती विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, शोधते. चोर दिसत नाही, पण कुत्री भुंकतायत म्हणजे कुणीतरी आलंय, तसं.

भारतात ही कुत्री पहिल्यांदा भुंकली ती १९८६ मध्ये, चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, वेल्लोरच्या सीएमसीत तपासले आणि त्यातले काही पॉझिटिव्ह निघाले. डॉ. सुनीती माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबातल्या. पुढे त्यांनी तिथे वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. भारतातल्या एचआयव्ही उपचारांच्या इतिहासात हे नाव वारंवार भेटतं.

पुण्यात १९९२ मध्ये आयसीएमआरने भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू केली. सगळे तिला 'नारी' म्हणतात. (अलीकडे तिचं नाव 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च' असं झालंय, पण भोसरीत विचारायचं झालं तर 'नारी'च.) नारी आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या लोकांचा अभ्यास सुरू केला. त्यात त्यांनी एक हुशारीची गोष्ट केली. ज्यांची अँटीबॉडी चाचणी निगेटिव्ह आली, त्यांच्या रक्तात त्यांनी पी-२४ हे विषाणूच्या गाभ्यातलं प्रथिन शोधलं. संसर्ग अगदी ताजा असतो तेव्हा अँटीबॉडी अजून बनलेली नसते, पण विषाणू मात्र रक्तात धुमाकूळ घालत असतो. असे लोक त्यांना सापडले. १९९७ मध्ये हा अभ्यास 'जामा' या नियतकालिकात आला.

मला हा पेपर फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे भुंकणं ऐकण्यापलीकडे जाऊन चोराचा पाय दिसला, अशा सुरुवातीच्या कामांपैकी तो आहे. पण पी-२४ ची अडचण अशी की अँटीबॉडी तयार झाली की ती या प्रथिनाला चिकटते आणि चाचणीत ते दिसेनासं होतं. त्यामुळे पुढची आठ-दहा वर्षं विषाणू किती आहे, हे त्यावरून धड कळत नाही. त्यासाठी मोजायला हवा होता विषाणूचा आरएनए.

मोजण्याच्या तीन वाटा

एचआयव्हीच्या प्रत्येक कणात आरएनएच्या दोन प्रती असतात. मिलिलिटरभर प्लाझ्मात अशा प्रती कधी वीस असतात, कधी दहा लाख. इतकी बारीक गोष्ट मोजायच्या तीन वाटा १९९० च्या दशकात निघाल्या.

पहिली वाट पीसीआर. कॅरी मुलिसने १९८३ मध्ये ही कल्पना काढली, १९९३ मध्ये त्याला नोबेल मिळालं आणि कोविडनंतर हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत झाला. आधी आरएनएचा डीएनए करायचा, मग त्याच्या दुप्पट-चौपट-आठपट अशा प्रती काढायच्या आणि शेवटी हिशोब उलटा लावायचा की सुरुवातीला किती असतील. रोश कंपनीच्या 'अँप्लिकोर मॉनिटर' या चाचणीला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती ४०० प्रतींपर्यंत मोजायची, पुढे तिची जास्त संवेदनशील आवृत्ती ५० पर्यंत पोचली.

दुसरी वाट बी-डीएनए, म्हणजे फांद्या फुटलेला डीएनए. कायरॉन कंपनीची. इथे विषाणूच्या प्रती काढतच नाहीत. आहे तो आरएनए प्लेटला चिकटवायचा, त्याला झाडासारख्या फांद्या असलेले रेणू जोडायचे आणि त्या फांद्यांवर प्रकाश देणारी रसायनं लावायची. जितका उजेड तितका विषाणू. पहिल्या आवृत्तीला १०,००० च्या खालचं दिसायचं नाही, दुसरी ५०० पर्यंत आली.

तिसरी वाट नास्बा. यातही आरएनएच्या प्रती निघतात, पण तापमान खालीवर न करता, ४१ अंशांना स्थिर ठेवून.

आता गंमत बघा. एकाच माणसाचं रक्त अँप्लिकोरने आणि त्या वेळच्या बी-डीएनएने मोजलं, तर अँप्लिकोरचा आकडा साधारण दुप्पट यायचा. हा घोळ सगळ्यांना माहीत होता. इतका, की १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत औषध कधी सुरू करायचं याचे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेत: बी-डीएनएने मोजलं असेल तर १०,००० च्या वर, पीसीआरने मोजलं असेल तर २०,००० च्या वर. नानांचा प्रश्न तेव्हा थेट सरकारी कागदावर होता, आणि सरकारने उत्तर दिलं होतं: कुठल्या पायलीने मोजलं ते आधी सांगा.

मोजण्याची एवढी घाई का झाली होती? १९९६ मध्ये जॉन मेलर्स आणि सहकाऱ्यांचा एक पेपर 'सायन्स'मध्ये आला. त्यांनी १८० पुरुषांचं साठवून ठेवलेलं रक्त बी-डीएनएने तपासलं आणि पुढे त्यांचं काय झालं ते पाहिलं. ज्यांचा व्हायरल लोड ४,५३० किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यातल्या ८ टक्के लोकांना पाच वर्षांत एड्स झाला. ज्यांचा ३६,२७० च्या वर होता, त्यांच्यातल्या ६२ टक्के लोकांना. तेव्हापासून डॉक्टर आगगाडीचं उदाहरण देऊ लागले. गाडी कड्याकडे निघालीय. सीडी-४ पेशींचा आकडा सांगतो कडा किती लांब आहे आणि व्हायरल लोड सांगतो गाडीचा वेग किती आहे.

पण विषाणू कुणाचा?

मेलर्सच्या अभ्यासातले पुरुष अमेरिकेतले होते. त्यांच्या अंगातला विषाणू प्रामुख्याने एचआयव्ही-१ चा 'सबटाइप बी'. अमेरिका आणि पश्चिम युरोपात हाच पसरलेला. आपल्याकडचा विषाणू वेगळा आहे. भारतात बहुतांश संसर्ग 'सबटाइप सी'चा, आणि जगातल्या एकूण संसर्गांपैकी जवळपास निम्मा वाटा याच सबटाइपचा.

याने काय फरक पडतो? पीसीआरला 'प्रायमर' लागतात. हे डीएनएचे छोटे तुकडे, जे विषाणूच्या एका ठरावीक जागी जाऊन बसतात आणि तिथून कॉपी सुरू होते. किल्ली आणि कुलूप म्हणा. सबटाइप बीच्या कुलपाकडे बघून किल्ली घडवली आणि दुसऱ्या सबटाइपमध्ये कुलपाचे एक-दोन दात वेगळे निघाले, तर किल्ली अडखळते. कुलूप कधी उघडतं, कधी नाही. विषाणू भरपूर असतो, आकडा मात्र कमी येतो.

हे प्रत्यक्षात घडलं. अँप्लिकोरची पहिली आवृत्ती सबटाइप बी नीट मोजायची, पण आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात आढळणारे काही सबटाइप फारच कमी दाखवायची. सबटाइप ए आणि जीच्या बाबतीत ही तक्रार ठळक होती. सीचा प्रश्न तेवढा मोठा नव्हता, पण ते मोजून पाहिल्यावरच कळलं, आधी कुणी गृहीत धरू शकत नव्हतं. रोशने प्रायमर बदलून १.५ आवृत्ती काढली. पुढे रिअल-टाइम पीसीआर आलं तेव्हा त्यांच्या पहिल्या 'टॅकमन' चाचणीतही काही रुग्णांचे आकडे कमी यायला लागले, कारण ती विषाणूच्या एकाच जागेवर, गॅग जनुकावर, अवलंबून होती. दुसऱ्या आवृत्तीत गॅगच्या जोडीला एलटीआर ही दुसरी जागा घेतली. एक किल्ली अडली तरी दुसरी चालावी म्हणून. अ‍ॅबटच्या चाचणीने इंटिग्रेज हा तुलनेने कमी बदलणारा भाग निवडला होता.

आणि इथे पुणं परत येतं. आपल्याकडच्या विषाणूचं कुलूप नेमकं कसं आहे, हे कळायचं तर त्याचा पूर्ण जीनोम वाचायला हवा. १९९९ मध्ये कविता लोले आणि सहकाऱ्यांनी, म्हणजे पुण्याची नारी आणि जॉन्स हॉपकिन्स यांच्या त्याच जोडगोळीने, भारतात नुकताच संसर्ग झालेल्या सहा लोकांमधल्या विषाणूंचे जवळपास संपूर्ण जीनोम प्रसिद्ध केले. पाच शुद्ध सी निघाले. एक ए आणि सी यांची सरमिसळ निघाला. ही सरमिसळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे दाखवायला जो संगणक प्रोग्रॅम वापरला, त्याचं नाव सिमप्लॉट. आज जगात कुणीही विषाणूंची सरमिसळ शोधताना सिमप्लॉट वापरलं की संदर्भ म्हणून लोले आणि सहकाऱ्यांचा हाच पेपर देतो. कोविडच्या विषाणूवरच्या कितीतरी पेपरांत तो सापडेल. मला स्वतःला हे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळलं, आणि कळलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले होते.

सांगायचा मुद्दा असा की आपल्या राशीकडे बघून माप तपासायचं काम आपल्यालाच करावं लागतं. दुसऱ्या कुणाला त्याची घाई नसते.

दोन चाचण्या 'जुळतात' म्हणजे काय?

आता थोडं माझ्या कामाबद्दल. मी एकाच नमुन्याचे दोन भाग करते, दोन वेगळ्या चाचण्यांनी मोजते आणि आकडे ताडून पाहते. सुरुवातीला मी एक मोठी चूक केली. सगळे आकडे आलेखावर टाकले, सरळ रेषा आली, कोरिलेशन एकच्या अगदी जवळ. मी खूश. गाइडना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं. म्हणून काय?"

पायलीचं उदाहरण परत घेऊ. तुमची पायली माझ्या पायलीपेक्षा दरवेळी दहा टक्क्यांनी लहान असेल, तर दोन्ही मापांचं कोरिलेशन पूर्ण एक येईल. रेषा सुंदर सरळ. पण व्यवहारात दर दहा पायल्यांमागे एक पायली कुणाची तरी बुडतेच. कोरिलेशन सांगतं की दोन मापं एकत्र वरखाली होतात. ती सारखी आहेत असं ते सांगत नाही.

यावरचा उपाय मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला. (तेच वर्ष, ज्या वर्षी चेन्नईत ते नमुने पॉझिटिव्ह निघाले.) कल्पना इतकी सोपी की आधी कुणाला कशी सुचली नाही असं वाटतं. प्रत्येक नमुन्यासाठी दोन आकड्यांची सरासरी आडव्या अक्षावर आणि त्यांच्यातला फरक उभ्या अक्षावर मांडायचा. मग दोन गोष्टी लगेच दिसतात: एक माप कायमच जास्त दाखवतंय का, आणि फरक कुठे वाढतोय, मोठ्या आकड्यांना की लहान. व्हायरल लोडमध्ये हे सगळं लॉगमध्ये करतात, कारण आकडे वीसपासून लाखांपर्यंत पसरलेले असतात.

साधारण नियम असा: एकाच माणसाचे दोन आकडे ०.५ लॉगपेक्षा, म्हणजे सुमारे तिपटीपेक्षा, कमी फरकाचे असतील तर त्यावरून खरा बदल झाला असं म्हणत नाहीत. १०,००० चे २०,००० झाले तर घाबरायचं कारण नाही. १०,००० चे १,००,००० झाले तर आहे.

किलोसारखं एक समान माप इथेही करायचा प्रयत्न झाला. १९९० च्या दशकाच्या शेवटी शेवटी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एचआयव्हीच्या आरएनएचा आंतरराष्ट्रीय प्रमाण-नमुना तयार करण्यात आला. सगळ्यांनी आपापली पायली त्याच्याशी ताडून घ्यायची. त्याने फरक बराच कमी झाला. पण तो नमुनाही सबटाइप बीचाच होता. बीसाठी नीट लावलेलं माप सीलाही तितकंच नीट लागू पडेल याची हमी त्यातून मिळत नाही. ते परत ताडूनच बघावं लागतं. माझी पीएचडी चाललीय ती यामुळेच.

प्रयोगशाळेपासून केंद्रापर्यंत

आतापर्यंतचा इतिहास यंत्रांचा झाला. पण यंत्र असणं आणि नानांसारख्या माणसाची तपासणी होणं, यात आपल्याकडे बावीस वर्षांचं अंतर पडलं.

२००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित डोस दिवसाला सुमारे एक डॉलर इतक्या किमतीत देऊ केला आणि जगभर खळबळ उडाली. त्याआधी हेच औषध वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरला पडायचं. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केली. सुरुवातीच्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. औषध मोफत झालं, पण व्हायरल लोड त्या मोफतमध्ये नव्हता. चाचणीला काही हजार रुपये लागायचे. रुग्ण कसा आहे हे सीडी-४ वरून ठरायचं.

म्हणजे कडा किती लांब आहे ते दिसत होतं, गाडीचा वेग दिसत नव्हता. औषध काम करेनासं झालं की आधी विषाणू वाढतो, आणि सीडी-४ कमी होतात ते त्याच्यानंतर, कधीकधी कित्येक महिन्यांनी. मधल्या काळात माणूस तेच औषध घेत राहतो आणि विषाणू त्या औषधाला सरावत जातो. उलटही व्हायचं. सीडी-४ इतर कारणांनी कमी झालेले असायचे आणि विषाणू दबलेलाच असायचा.

२००८ मध्ये दुसऱ्या फळीची औषधं सुरू झाली ती देशात फक्त दोन ठिकाणी, जे. जे. आणि चेन्नईजवळच्या तांबरमला. तेव्हा सरकारी कार्यक्रमात व्हायरल लोड आला, पण फक्त ज्यांचं औषध निकामी झाल्याची शंका आहे त्यांच्यासाठी. आधी सीडी-४ पडायचे, मग तज्ज्ञांच्या समितीपुढे कागद जायचे, मग चाचणी.

मधे २०११ मध्ये एचपीटीएन ०५२ या अभ्यासाचा निकाल आला. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. त्यात पुणं होतं, चेन्नईही होतं. लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी झाला. पुढच्या अभ्यासांनी हे आणखी पक्कं केलं: रक्तात विषाणू दबलेला असेल, आढळतच नसेल, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. या निकालाने व्हायरल लोडच्या आकड्याचा अर्थच बदलला. आता तो आकडा नवरा-बायकोच्या मधला प्रश्न झाला, मूल होऊ द्यायचं का याचं उत्तर झाला. पुण्यातल्या ज्या जोडप्यांनी त्या अभ्यासात भाग घेतला, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. पण आज समुपदेशक जे वाक्य ठामपणे बोलतात, त्यात त्यांचाही वाटा आहे.

२०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपचारांवर लक्ष ठेवायला व्हायरल लोडच वापरा असं सांगितलं. भारतात २६ फेब्रुवारी २०१८ रोजी एआरटीवरच्या सर्वांसाठी ही चाचणी मोफत देण्याची घोषणा झाली. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी. १,००० च्या खाली म्हणजे विषाणू दबलेला. त्याच्या वर असेल तर गोळ्या चुकतायत का याची चौकशी, समुपदेशन आणि तीन महिन्यांनी परत चाचणी. १९९६ ते २०१८. बावीस वर्षं ती हीच.

आणि शेवटी रस्ता

एक प्रश्न मात्र कुठल्याच पेपरात नीट येत नाही, आणि मुठा खोऱ्यात वाढलेल्या माणसाला तो आधी दिसतो. रक्त लॅबपर्यंत जातं कसं?

व्हायरल लोडसाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्यावं लागतं. हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये घेतलं तर पीसीआर अडतं. घेतल्यावर ठरावीक तासांत, चाचणीनुसार कधी सहा तर कधी चोवीस, ते फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा आणि थंड ठेवायचा. पावसाळ्यात घाटात दरड आली, लाइट गेली, बस चुकली, तर हे तास कसे मोजायचे? म्हणून रक्त कागदावर वाळवून पाठवायची पद्धत महत्त्वाची. जाड कागदावर रक्ताचे थेंब, वाळवायचे, पाकिटात घालून पाठवायचे. भारतात लहान बाळांच्या निदानासाठी हे २०१० पासून चालू आहे, कारण आईच्या अँटीबॉडीज बाळात दीड वर्षापर्यंत राहतात आणि तोवर एलायझाचा उपयोग नसतो.

मोठ्यांच्या व्हायरल लोडसाठी मात्र वाळलेला थेंब अवघड पायली आहे. एक तर रक्तच थोडं, त्यामुळे कमी विषाणू निसटतो. दुसरं, थेंबात पेशीही असतात आणि पेशींच्या आत विषाणूचा डीएनए दडून बसलेला असतो. काही चाचण्या तोही मोजतात आणि दबलेला विषाणू उगाच वाढलेला दिसतो. एकाच थेंबात कमी मोजायची भीती आणि जास्त मोजायचीही. कुठल्या चाचणीत कुठली भीती किती, हे आपल्या सबटाइप सीच्या नमुन्यांवर ताडून पाहणं हा माझ्या प्रबंधातला एक अख्खा भाग आहे. तो जमला तर घाटापलीकडच्या माणसाला रक्त द्यायला शहरात जावं लागणार नाही.

नानांचं उत्तर

आता अडुसष्ट. नानांना मी तांदळातल्या खड्यांचं सांगितलं. पोत्यात दोन-चारच खडे असतील, तर एक ओंजळ घेतली की कधी एकही खडा येत नाही, कधी एखादा येतो. पोतं तेच. वीस-पन्नास प्रतींच्या आसपास चाचणीचं तसंच होतं. एक चाचणी थोडा प्लाझ्मा घेते, दुसरी जास्त. एकीची ओंजळ लहान, दुसरीची मोठी. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' म्हणजे या ओंजळीत खडा आला नाही, एवढंच. अंगातला विषाणू संपला असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. आणि अडुसष्ट म्हणजे परत आला असाही नाही. आपल्या कार्यक्रमाची रेघ १,००० ला आहे आणि नाना तिच्या कितीतरी खाली आहेत.

"मग काय करू?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, गोळी चालू ठेवा, एकही चुकवू नका. हे दोन्ही कागद पुढच्या खेपेला केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा, कारण ठरवायचं त्यांनी, मी डॉक्टर नाही. आणि यापुढे शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने तपासून घ्या. कागदावर आकड्याच्या खाली बारीक अक्षरात चाचणीचं नाव आणि ती किती कमीपर्यंत मोजते ते लिहिलेलं असतं. आकड्याआधी ते वाचा.

नानांनी कागद परत उलगडले, डोळ्यांपासून लांब धरले. बारीक अक्षर त्यांना दिसेना. मी वाचून दाखवलं. दोन कागदांवर दोन वेगळी नावं होती.

"म्हंजे पायलीच दुसरी," नाना म्हणाले. कागदांची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता घरी सांगतो."

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. केंद्रातून वर्षाची तपासणी झाली, त्याच पद्धतीने. आकडा विचारायच्या आधीच त्यांनी चाचणीचं नाव सांगितलं.